कार्य शून्य

आमच्या भागात केळी कापण्याला कटती म्हणतात. कटतीच्या दिवसांत सावदा स्टेशनवर वॅगनी लागायच्या. आता केळी पुठ्ठ्याच्या खोक्यांत, ट्रकने जातात. मी सांगतो ते सत्तरच्या दशकातलं. तेव्हा घड उघडाच यायचा, बैलगाडीतून नाहीतर ट्रकमधून. वॅगनीत केळीचीच पानं अंथरायची आणि त्यावर एकेक घड उभा लावत जायचं, साल खरचटू द्यायचं नाही. वॅगन दिल्लीला पोचली आणि साल काळं पडलेलं निघालं, तर भाव पडायचा. हे काम करणाऱ्या माणसांच्या डोक्यावर चुंबळ आणि खांद्यावर डिकाचे काळे डाग असत. केळीच्या डिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, धुवा कितीही.

त्यातल्या एका माणसाचा मुलगा नववीत माझ्या वर्गात होता. साल १९७८. त्या मुलामुळे मला भौतिकशास्त्र शिकवायला लागून पाच वर्षं झाल्यावर कळलं, की आपल्याला हा विषय पुरता आलेला नाही.

आधी थोडं मागचं सांगतो. माझा जन्म १९५० चा. प्राथमिक शाळेत असताना, १९५७ च्या एप्रिलात, सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. मग मण आणि शेर जाऊन किलो आला. शाळेत दशमान आणि घरी मण, असं आमच्या पिढीचं दोन्ही दगडांवर पाय ठेवून शिक्षण झालं. आईला शेवटपर्यंत किलो सांगितला की ती मनात शेर करून घ्यायची. अकरावीच्या मॅट्रिकला मी फूट-पौंडही शिकलो आणि सेंटिमीटर-ग्रॅमही. पुढे फैजपूरच्या कॉलेजात बी.एस्सी. केली. ते कॉलेज तेव्हा पुणे विद्यापीठाखाली होतं, जळगावचं विद्यापीठ व्हायला १९९० उजाडायचं होतं. बी.एड. करून १९७३ च्या जूनमध्ये हायस्कुलात लागलो.

मी लागलो आणि दोन वर्षांत सगळं बदललं. दिल्लीला कोठारी आयोग बसला होता १९६४ ते ६६ मध्ये. त्याचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, आणि सदस्य-सचिव जे. पी. नाईक आपल्या कोल्हापूरकडचे. देशभर दहा अधिक दोन अधिक तीन असा एकच आकृतिबंध असावा, आणि पहिली दहा वर्षं विज्ञान व गणित सगळ्यांना सक्तीचं असावं, ही त्यांची शिफारस. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी १९७५ च्या मार्चमध्ये बसली.

आज यात कोणाला काही विशेष वाटणार नाही. पण आमच्यासारख्या गावात त्याचा अर्थ काय झाला ते बघा. आधी ज्याला विज्ञान जमायचं नाही तो हलके विषय घेऊन मॅट्रिक व्हायचा, तलाठी व्हायचा, रेल्वेत चिकटायचा. आता न्यूटनचे नियम सगळ्यांनाच. हमालाच्या पोराला, व्यापाऱ्याच्या पोराला, सालदाराच्या पोरीला. मला ही गोष्ट तेव्हाही पटली होती आणि आजही पटते. मुंबई-दिल्लीची मुलं जे शिकतील तेच आमच्या पोरांनी शिकायचं, यात मान होता. पण सगळ्यांना सक्तीचं केलं म्हणजे नापासही सगळ्यांनाच करता येतं. गणित आणि विज्ञानात अडकून दहावीला तीन-तीन वाऱ्या करणारी पोरं मी पुढे पुष्कळ पाहिली. त्यांतल्या काहींच्या उत्तरपत्रिकांवर लाल शाईने शून्य काढणारा हात माझाच होता.

तर तो नववीचा वर्ग. धडा कार्य आणि ऊर्जेचा. बी.एड.ला आम्हाला घोकून सांगितलं होतं की उदाहरण परिसरातलं द्या. मी मोठ्या उत्साहाने फळ्यावर स्टेशनचा फलाट काढला, माणूस काढला, त्याच्या डोक्यावर केळीचा घड काढला. बल वरच्या दिशेला, विस्थापन आडवं, दोन्ही एकमेकांना लंब. "म्हणून हा माणूस घड घेऊन फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट चालत गेला, तर त्याने घडावर केलेलं कार्य किती?" आणि मीच उत्तर लिहिलं: शून्य.

वर्गात दोन-चार जण हसले. हसणारी पोरं केळीच्या मळेवाल्यांची होती. शेवटच्या बाकावरून तो मुलगा उठला आणि म्हणाला, "सर, माह्या बाप दिवसभर घड वाह्यतो. त्याचं काम शून्य कसं व्हईन?"

मी म्हणालो, काम नाही, कार्य. कार्य वेगळं. तो म्हणाला, "कार्य म्हंजे लगीन ना सर?" सगळा वर्ग फिस्सकन हसला. मला वाटलं पोरगं टिंगल करतंय. मी त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं. एवढ्यावर थांबलो नाही, त्याच्या बापाच्या धंद्यावरूनही काहीतरी बोललो. ते शब्द इथे लिहीत नाही.

तो टिंगल करत नव्हता, हे आज मला स्वच्छ दिसतं. आमच्या बोलीत कार्य म्हणजे घरचं लग्न, बारसं, उत्तरकार्य. कष्टाला शब्द काम. पुस्तकात बल, मराठीत बळ, आणि आमच्या लेवा बोलीत तर ळ चा य होतो, म्हणून बय. शाळेला शाया, केळीला केयी. ह्या मुलांना पुस्तकातलं मराठी हीच दुसरी भाषा होती, आणि तिच्यात पुन्हा शास्त्राचे शब्द ही तिसरी. वेग आणि चाल वेगळे, वजन आणि वस्तुमान वेगळे. बाजारात काट्यावर पाहून 'वजन वीस किलो' म्हणायचं आणि पेपरात तसं लिहिलं की चूक, तिथे न्यूटन पाहिजे. इतके दिवस मी याला मुलांचा निष्काळजीपणा म्हणत होतो.

मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी त्याचे वडील आले. शाळेच्या ओट्याखाली चपला काढून उभे राहिले, वर या म्हटलं तरी येईनात. चुंबळीचं फडकं खांद्यावर. रागावलेले नव्हते, तेच मला जड गेलं. म्हणाले, "सर, पोरगं सांगे, तुमच्या पुस्तकात आमी कामच करत नही म्हने. एकडाव ठेसनावर येजा. पाहजा."

गेलो. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर सायकलने गेलो आणि संध्याकाळपर्यंत एका पोत्यावर बसून राहिलो. खिशात वही होती. भौतिकशास्त्राचा पदवीधर, पण मोजमाप म्हणून आयुष्यात पहिल्यांदा काही मोजलं ते त्या दिवशी, कारण प्रयोगशाळेतल्या मोजमापाचं उत्तर आम्हाला आधीच माहीत असायचं. घड साधारण वीस किलोचा. जमिनीवरून डोक्यापर्यंत उचलायचा, दीड मीटर धरा. ते मला म्हणाले होते की भर कटतीत एक माणूस दिवसाला तीनेकशे घड हाताळतो. मी पाहिलं त्यावरून ते खोटं वाटलं नाही.

रात्री घरी कंदिलाजवळ हिशोब केला. वीस किलोला ९.८ ने गुणलं, १९६ न्यूटन. गुणिले दीड मीटर, २९४ ज्यूल. असे तीनशे घड, ८८,२०० ज्यूल. आकडा मोठा दिसला, बरं वाटलं. मग मी त्याच्या कॅलरी केल्या. चार हजार दोनशेने भागलं की किलोकॅलरी येतात. उत्तर आलं एकवीस.

एकवीस किलोकॅलरी. एका मध्यम केळात साधारण शंभर असतात. म्हणजे सपाट चालणं सोडा, जे उचलणं पुस्तक मान्य करतं, तेही दिवसभराचं मिळून एका केळाचा पाचवा हिस्सा! मी दोनदा पुन्हा गुणाकार केला. हिशोब बरोबर होता. आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी त्या माणसाला संध्याकाळी फलाटाच्या कडेला आडवं पडलेलं पाहिलं होतं. हे मुलाला दाखवलं असतं तर तो शाळेतच आला नसता.

चूक हिशोबात नव्हती, ती प्रश्नात होती. भिंतीला खुंटी असते, तिच्यावर घड टांगला तर वर्षभर धरून ठेवील, तिला भाकर लागत नाही. माणसाच्या स्नायूचं तसं नाही. नुसतं ओझं धरून उभं राहायलाही स्नायूंतले तंतू सारखे आवळावे लागतात, आणि त्या प्रत्येक आवळण्याला शरीर ऊर्जा खर्च करतं. बाहेर काही हललं नाही तरी आत खर्च चालू. शिवाय चालताना स्वतःचं अंग दर पावलाला किंचित वर-खाली होतं, ते वेगळं. बापाची ऊर्जा खर्च होत होती, उष्णता होऊन घामावाटे जात होती. 'घडावर झालेलं कार्य' ही त्या सगळ्यातली एक लहानशी रक्कम. पुस्तक फक्त तिच्याबद्दल बोलतं. ती रक्कम म्हणजे बापाचे कष्ट नव्हेत, हे एक वाक्य पुस्तकात नव्हतं आणि माझ्याही तोंडात नव्हतं.

पुढे वाचनात आलं की हा शब्द मुळात यंत्रांच्या हिशोबासाठी घडला. खाणीतलं पाणी पंपाने किती उंच आणि किती वजनाचं चढवलं, हे मोजायची इंजिनिअर लोकांना गरज होती. १८२९ मध्ये कोरिओलिस नावाच्या फ्रेंच माणसाने त्याला जो शब्द वापरला तो त्यांच्या भाषेत मजुराच्या रोजच्या कामाचाच शब्द. म्हणजे घोटाळा त्यांच्याकडेही होताच. आणि गंमत ही, की विद्युतप्रभाराच्या एककाला ज्याचं नाव आहे तो कुलोम, त्याने ओझी वाहणाऱ्या माणसांच्या दिवसभराच्या कामाचाही अभ्यास केला होता. आमच्या पोरांना कुलोम विजेच्या धड्यात भेटतो. हमालांची मोजणी करणारा भेटत नाही.

सोमवारी मी मुलाला वर्गात बोलावलं. सगळ्यांसमोर त्याची माफी मागितली असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. तेव्हाच्या मास्तरांना ते जमत नसे. मी एवढंच केलं की प्रयोगशाळेतलं एक किलोचं पितळी वजन काढलं आणि हसलेल्या पोरांपैकी एकाला आडव्या हातावर धरून उभं केलं. दोन-तीन मिनिटांत त्याचा हात थरथरायला लागला. विचारलं, "वजन किती वर गेलं?" "नाही गेलं." "मग कार्य?" "शून्य." "मग दमला कशाला?" तिथून मी पुन्हा धडा सुरू केला. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा मान खाली घालून वहीत लिहीत होता. काय लिहीत होता ते मी पाहिलं नाही.

त्याच सुमारास आमच्या शेजारी खिरोद्याला एक वेगळं काम चाललं होतं. खिरोदा म्हणजे धनाजी नाना चौधरींचं गाव. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं ते ज्यांच्या खटपटीने, ते धनाजी नाना. त्यांचे चिरंजीव मधुकरराव पुढे राज्याचे शिक्षणमंत्री आणि नंतर विधानसभेचे अध्यक्ष झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र काढलं, आणि त्या केंद्राने खेड्यातल्या विज्ञान शिक्षणाचं जे पहिलं मोठं काम हाती घेतलं ते या खिरोद्याच्या परिसरात. अणुशास्त्रज्ञांच्या पंक्तीला बसणारी माणसं रावेर तालुक्याच्या शाळांत येऊन मास्तरांबरोबर सुतळी, डबे आणि भिंगं घेऊन बसायची. ते काम खालच्या वर्गांसाठी होतं, आम्ही हायस्कूलवाले त्यात नव्हतो, आणि खरं सांगायचं तर आम्ही थोडे नाकही मुरडायचो. 'डबे वाजवून विज्ञान येतं व्हय?' असं शिक्षकखोलीत बोलणाऱ्यांत मीही होतो.

केंद्राचे प्रा. वि. गो. कुलकर्णी यांनी पुढे एक गोष्ट प्रयोग करून दाखवली. विज्ञानाच्या धड्यात आशय तोच ठेवून नुसती भाषा सोपी केली, तरी मुलांना जास्त कळतं. म्हणजे ज्याला आपण विज्ञानातला 'ढ' म्हणतो तो पुष्कळदा भाषेपाशीच अडलेला असतो. हे मी वाचलं तेव्हा मला तो बाकावर उभा मुलगा आठवला. सावद्यापासून हाकेच्या अंतरावर याचा विचार चालला होता आणि मी कार्य म्हणजे लग्न म्हणणाऱ्याला शिक्षा करत होतो.

आमच्या केळीच्या वॅगनी दिल्लीला जायच्या त्या खंडवा, इटारसी करत होशंगाबादवरून. त्या होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या नर्मदापुरमच्या भागात, १९७२ मध्ये सोळा शाळांत असंच काम सुरू झालं होतं. मुलांनी स्वतः प्रयोग करायचे, पुस्तकात उत्तर द्यायचंच नाही. ते पुढे जिल्हाभर पसरलं आणि तीस वर्षं चाललं. २००२ मध्ये तिथल्या सरकारने ते बंद केलं. खिरोद्याचं कामही प्रकल्प म्हणून संपलं. अशी कामं संपतात कशी, यावर कोणीतरी बसून लिहायला पाहिजे. सुरू कशी झाली यावर पुष्कळ लिहिलं जातं.

विजेच्या धड्याचंही सांगितलं पाहिजे, कारण तिथे पोरांनी मला दुसऱ्यांदा पाडलं. हे ऐंशीच्या दशकातलं. विहिरींवर मोटारी बसल्या होत्या, आणि केळीला पाणी तर बाराही महिने लागतं. मी ओहमचा नियम शिकवत होतो: विभवांतर कमी, तर विद्युतधारा कमी. एक मुलगा म्हणाला, "सर, व्होल्टेज कमी झाला का मोटर जयते. करंट कमी होतो तं जयते कायले?" सगळा वर्ग माझ्याकडे पाहायला लागला. प्रत्येकाच्या घरी मोटार जळालेली होती. कॉपर वायंडिंगचा खर्च किती येतो हे त्यांना तोंडपाठ. मला उत्तर आलं नाही. पण या वेळी कोणाला बाकावर उभं केलं नाही. उद्या सांगतो म्हणालो आणि संध्याकाळी मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जाऊन बसलो.

त्या कारागिराने, जो स्वतः दहावी नापास होता, मला समजावलं. मोटार म्हणजे नुसती रोधाची तार नाही. विहिरीतलं पाणी तेवढंच वर चढवायचं असतं, ओझं कमी होत नाही. व्होल्टेज पडला की मोटार मंदावते आणि तेच ओझं ओढण्यासाठी लाइनमधून जास्त करंट खेचते. जास्त करंट, जास्त उष्णता, वायंडिंग जळालं. त्याच्याकडे त्यासाठी पुस्तकी शब्द नव्हते. दुसऱ्या दिवशी मी त्याचंच वर्गात सांगितलं, आणि ओहमचा नियम कुठल्या वस्तूला लागतो व कुठल्या वस्तूला असा सरळ लागत नाही, हे मला स्वतःलाही त्या दिवशी नीट कळलं. परीक्षेत मात्र यावर प्रश्न कधीच आला नाही. पालकसभेत एकाने विचारलंही, "सर, मोटरीचं आमी घरी शिकवतो, तुमी पोर्शन पुरा करा." त्यांचंही चूक नव्हतं.

१९९३ मध्ये यशपाल समितीचा अहवाल आला, त्याचं नावच ओझ्याविना शिक्षण. पुढे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचे अध्यक्षही यशपालच. शाळेतलं ज्ञान बाहेरच्या जगण्याशी जोडा, हे त्यात पहिल्याच तत्त्वांत आहे. आमच्याकडे त्याचं प्रशिक्षण झालं, चहा-बिस्किटं झाली, सह्या झाल्या. मी हात वर करून स्टेशनचा किस्सा सांगितला. प्रशिक्षक म्हणाले, छान आहे सर, पण वेळ कमी आहे. २००८ मध्ये मी निवृत्त झालो.

तो मुलगा दहावीला दुसऱ्या खेपेला निघाला. विज्ञानात पस्तीसच्या थोडे वर होते. त्याने आयटीआय केलं आणि आता त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे. रस्त्यात भेटला की थांबतो, सर म्हणतो, पण त्या दिवसाबद्दल आम्ही दोघंही कधी बोललो नाही. वडील गेले त्याला बरीच वर्षं झाली.

मागच्या वर्षी नातीला घेऊन तो माझ्या ओट्यावर आला. पोरगी नववीत, हुशार आणि तोंडाळ. नवीन पुस्तकाचं नाव विज्ञान आणि तंत्रज्ञान, त्यात दुसराच धडा कार्य आणि ऊर्जा. पुस्तक आता रंगीत आहे, चित्रं चांगली आहेत, भाषाही आमच्या वेळेपेक्षा पुष्कळ सरळ झाली आहे, हे मान्य केलं पाहिजे. तिने विचारलं, "आजोबा, बल आणि विस्थापन काटकोनात असलं की कार्य शून्य, हे पटत नाही. माणूस दमतो की."

मी तिच्या आजोबाकडे पाहिलं. तो रस्त्याकडे पाहत होता. मग मी तिला खुंटीपासून सगळं सांगितलं, स्नायूंचं सांगितलं, एकवीस कॅलरींचा हिशोब तिच्याच वहीत तिच्याकडून करून घेतला. स्टेशनवर कोणाचं ओझं मोजलं होतं, ते मात्र मी सांगितलं नाही. ते आजोबानेच सांगितलं, दोन वाक्यांत. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिने विचारलं की हे सगळं पेपरात लिहायचं का. मी म्हणालो, नाही, पेपरात लिही, कार्य शून्य. दोन गुणांना तेवढंच पुरतं.